खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे

सपाट प्रदेशात राहणारा माणूस हवामानाचा हिशेब दिवसांनी करतो. आज पाऊस आहे, उद्या उघडीप होईल, असे तो म्हणतो आणि पुष्कळदा त्याचे म्हणणे खरेही ठरते. उंच पर्वतातून पाठीवर बोजा घेऊन दिवसचे दिवस चालणाऱ्या पांथस्थाला मात्र हा हिशेब तासांनी करावा लागतो. पहाटे निरभ्र असलेले आकाश दहाच्या सुमारास भरून येते, दुपारी गारा कोसळतात आणि सायंकाळी त्याच उतारावर कोवळे ऊन पसरलेले दिसते. या बदलांना निसर्गाचा लहरीपणा म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. वास्तविक त्यांच्यामागे बराचसा नियम असतो. तो नियम ओळखून जो आपल्या पावलांची वेळ ठरवतो, त्याचा दिवस सुखाने पार पडतो. जो ओळखत नाही, त्याच्यावर कधीकधी प्राणसंकटही ओढवते. हा नियम समजून घेण्यासाठी हिमालयातील एका वाटेवरचा एकच दिवस नजरेसमोर आणला तरी पुरे.

ही वाट हिमाचल प्रदेशातील हमता खिंडीची आहे. कुलू खोऱ्यातील मनालीजवळून ती निघते आणि पीर पंजाल पर्वतरांग ओलांडून लाहौलमधील छत्रू येथे चंद्रा नदीच्या काठी उतरते. खिंडीची उंची सुमारे ४,२७० मीटर, म्हणजे चौदा हजार फुटांच्या घरात आहे. अलीकडचे पाणी बियास नदीला मिळते, पलीकडचे चंद्रेला. हीच चंद्रा पुढे तांदी येथे भागा नदीला मिळते आणि चंद्रभागा होते. पंढरपूरच्या वाळवंटामुळे मराठी मनात घर करून राहिलेले हे नाव दूर उत्तरेत एका हिमनदीच्या पाण्यालाही लाभलेले आहे. मैदानात हीच नदी चिनाब म्हणून ओळखली जाते.

खिंडीच्या दोन बाजूंमधला भेद सह्याद्रीच्या रहिवाशाला समजावून सांगण्याची गरज नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून जेमतेम वीस किलोमीटरवरील पाचगणीला त्याचा तिसरा हिस्साही मिळत नाही. आणि घाट उतरून वाईला यावे, तर पावसाचे मान हजार मिलिमीटरांच्याही आत येते. समुद्रावरून येणारे बाष्पाने भारलेले वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपला भार पश्चिमेकडे टाकून रिक्त हाताने पूर्वेकडे उतरतात. पीर पंजालच्या रांगेवर हाच प्रकार अधिक उंचीवर घडतो. कुलूच्या बाजूला देवदारांची अरण्ये, गवताची हिरवी कुरणे आणि रानफुलांचे ताटवे. लाहौलच्या बाजूला उघडा खडक, दरडींचे ढिगारे आणि करड्या-तांबूस रंगाचे डोंगर. हा सारा पालट पायी चालणाऱ्याला एका दिवसात पाहायला मिळतो.

चार-पाच दिवसांच्या या वाटेवर खिंड ओलांडण्याचा दिवस सर्वांत कसोटीचा. आदल्या रात्रीचा मुक्काम बहुधा ‘बालू का घेरा’ या ठिकाणी असतो. ओढ्यांनी वाहून आणलेल्या वाळूचे हे रिंगण सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमी भरतो. याची पहिली साक्ष चुलीपाशी मिळते. पाणी ८८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागते. त्यामुळे ते कितीही खळखळले तरी त्याची उष्णता त्यापुढे जात नाही आणि उघड्या पातेल्यातली डाळ काही केल्या शिजत नाही. म्हणून या उंचीवर स्वयंपाक करणारे लोक झाकण घट्ट बसणारा कुकर खांद्यावरून वाहून आणतात. श्वासाचेही तसेच आहे. प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी, म्हणून तेच काम करायला छातीला अधिक मेहनत पडते. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यानंतर निजण्याची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक उंचावू नये, असा संकेत आहे. कारण शरीराला या विरळ हवेची सवय होण्यास अवधी लागतो. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे ही सवय न झाल्याची लक्षणे होत. ती असताना वर चढत राहणे धोक्याचे असते. थांबावे, आणि लक्षणे वाढली तर खाली उतरावे, हाच त्यावरील खरा उपाय.

खिंडीच्या दिवशी पहाटे चार-साडेचारलाच हालचाल सुरू होते. रात्रभर डोंगरमाथे आपली उष्णता मोकळ्या आकाशात टाकून थंड झालेले असतात. त्यांच्या अंगाला लागलेली हवाही थंड आणि जड होऊन पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत असते. तंबूच्या कापडावर दवाचे गोठलेले कण असतात, तारे स्वच्छ दिसतात आणि वारा वरून खाली, दरीच्या मुखाकडे वाहतो. चांगल्या दिवसाची ही खूण आहे. याउलट पहाट नेहमीपेक्षा उबदार असेल, तारे दिसत नसतील, आणि वारा रात्रीही खालून वर येत असेल, तर आभाळाने पांघरूण घातले आहे आणि काहीतरी मोठे येऊ घातले आहे, असे जाणत्याने समजावे.

बोजा बांधणे हेही हवामानाशीच निगडित असलेले शास्त्र आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये दहा-बारा किलो सामान असते. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून ते फार अधिक होऊ नये. जड वस्तू पाठीच्या कण्यालगत आणि खांद्याखाली ठेवाव्यात, म्हणजे तोल मागे जात नाही. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो तो कोणती वस्तू हाताला प्रथम लागावी हा. निजण्याची पिशवी आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तळाशी जातात. कारण दिवसभर त्यांची गरज नसते आणि रात्री ते कोरडे नसतील तर रात्र काढणे कठीण. पावसाचा अंगरखा, हातमोजे, लोकरी टोपी आणि थोडा खाऊ मात्र अगदी वर हवा. गारा सुरू झाल्यावर सगळा बोजा उघडून अंगरखा शोधत बसणारा मनुष्य तो सापडेपर्यंत चिंब भिजून जातो.

पहिले दोन-अडीच तास चढ संथ असतो. वाट दगडगोट्यांतून, ओढ्याच्या काठाने वर सरकते. येथे अनुभवी आणि नवखा यांतला फरक चटकन् कळतो. नवखा थंडीला भिऊन सगळे लोकरी कपडे अंगावर चढवतो आणि अर्ध्या तासात घामाघूम होतो. अनुभवी माणूस निघतानाच किंचित कुडकुडतो आणि शांतपणे चालू लागतो. चालण्याने शरीरात उष्णता निर्माण होणारच आहे, हे त्याला ठाऊक असते. घामाने आतून भिजलेले कपडे वर खिंडीतल्या वाऱ्यात आपले वैरी होतील, हेही त्याला ठाऊक असते. तोंडाने दोन वाक्ये बोलता येतील इतक्याच गतीने तो चालतो आणि घोटघोट पाणी पीत राहतो.

सूर्य कड्याच्या वर आला की दरीतला वारा बदलतो. पूर्वेकडे तोंड केलेले उतार प्रथम तापतात. त्यांच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते आणि तिची जागा घेण्यास खालच्या खोऱ्यातली हवा वर येते. सात-आठच्या सुमारास थंड झुळूक अकस्मात थांबते, काही काळ वातावरण स्तब्ध होते, आणि नंतर वारा पाठीमागून, खालून वर वाहू लागतो. त्या क्षणापासून दिवसाचे घड्याळ सुरू झाले असे मानण्यास हरकत नाही. कारण वर येणारी ही हवा कुलूच्या शेतांतले, अरण्यांतले आणि पावसाळ्यात तर मोसमी वाऱ्यांनी आणलेले बाष्प बरोबर घेऊन येते. कोरडी हवा दर हजार मीटर चढणीला जवळजवळ दहा अंशांनी थंड होते. थंड हवेला बाष्प धरून ठेवता येत नाही. एका विशिष्ट उंचीवर त्याचे ढग बनतात. ढग बनताना जी उष्णता मोकळी होते, ती त्या हवेला आणखी वर ढकलते. सकाळी नऊ वाजता कड्यापाशी दिसणारा कापसाच्या बोंडाएवढा ढग दुपारपर्यंत मनोऱ्यासारखा का वाढतो, याचे कारण हेच.

म्हणून पर्वतात चालणाऱ्यांनी एक साधा दंडक पाळलेला आहे. उंची सकाळी गाठावी, आणि दुपारपूर्वी माथा सोडावा. हा दंडक परंपरेने आलेला आहे, पण त्याच्या मुळाशी वर सांगितलेले शास्त्र आहे. आकाशाकडे पाहून वेळ ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. ढगांचे तळ सपाट आणि माथे बुटके असतील तर चिंता नाही. माथे फुलकोबीसारखे उसळू लागले, तळ काळवंडले, आणि शेजारच्या शिखरांची टोके एकामागून एक दिसेनाशी होऊ लागली, की हाताशी तास-दीड तासच उरला असे धरावे.

खिंडीखालचा शेवटचा चढ तीव्र आणि बर्फाने झाकलेला असतो. जूनमध्ये बर्फ पुष्कळ, सप्टेंबरमध्ये थोडा. येथे पावले लहान होतात आणि गप्पा थांबतात. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो. हवेतील उष्णतामान सरासरीने दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने मनालीत वीस अंश असताना खिंडीत पाच-सहा अंशच असावेत, आणि त्यात वाऱ्याची भर पडली की अंगाला ते शून्याखाली वाटतात. दोन डोंगरांच्या मधल्या खाचेतून वारा कोंडून वाहतो, म्हणून खिंडीत तो शेजारच्या उतारांपेक्षा नेहमीच जोराचा असतो. आकाश मोकळे असेल तर येथून इंद्रासन आणि देवतिब्बा या सहा हजार मीटरांहून उंच शिखरांचे दर्शन होते. त्या दर्शनासाठी पांथस्थ तीन दिवस चालत आलेला असतो. तरी शहाणा मनुष्य येथे पंधरा-वीस मिनिटांहून अधिक रेंगाळत नाही.

परंतु खरा कठीण प्रसंग असतो तो खिंड समोर दिसत असताना हवा बिघडण्याचा. तीन दिवसांची चाल, सुट्टीचे मोजके दिवस, भरलेले पैसे, बरोबरच्यांचा उत्साह, या साऱ्यांचे वजन पुढे जाण्याच्या बाजूने पडते. परत फिरण्याच्या बाजूला असते ती फक्त आभाळाची एक काळी कड. म्हणून जाणते वाटाडे परतण्याची वेळ आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवतात. अमुक वाजेपर्यंत माथा गाठला नाही, तर तेथूनच मागे वळावयाचे, असा तो करार असतो. थकलेल्या शरीरात आणि विरळ हवेत विचारशक्ती मंदावते. म्हणून हा निर्णय डोके शांत असताना घेऊन ठेवणे श्रेयस्कर.

विजेचा धोका माथ्यावर सर्वांत अधिक. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर असे अंतर निघते. हे सेकंद तीसपेक्षा कमी भरले तर माथा, धार आणि एकाकी उभा खडक यांपासून तत्काळ दूर व्हावे, धातूच्या काठ्या बाजूला ठेवाव्यात आणि माणसांनी एकमेकांपासून अंतर राखून पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये; कारण जमिनीतून पसरणारा प्रवाह तशा शरीराला अधिक इजा करतो.

वीज भीती दाखवते. थंडी मात्र न सांगता येते. पावसाने भिजलेला आणि वाऱ्यात उभा असलेला मनुष्य, हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही, थंडीने मरू शकतो. शरीराच्या आतील उष्णतामान ३७ अंशांवरून ३५ अंशांखाली गेले की संकटाला प्रारंभ होतो. प्रथम अनावर कापरे भरते; मग बोटांना गाठ सोडवता येत नाही, पावले अडखळतात, जीभ जड होते, मनुष्य चिडतो अथवा अगदी गप्प होतो. पुढे कापरे थांबते. त्याला बरे वाटू लागले असा बरोबरच्यांचा समज होतो. वस्तुतः उष्णता निर्माण करण्याची शक्तीच सरलेली असते. अशा वेळी वाऱ्याआड नेणे, ओले कपडे काढून कोरडे घालणे, दुसऱ्याच्या अंगाची ऊब देणे, आणि शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा पाजणे हे उपाय होत. हातपाय जोराने चोळू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये, कारण ते त्वचेकडे रक्त ओढून आतली ऊब बाहेर घालवते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्त्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या २२ जणांच्या तुकडीला हिमवादळाने गाठले आणि त्यांतले नऊ जण मृत्युमुखी पडले. मैदानात तो ऐन उन्हाळा होता. उंचावर ऋतू दिनदर्शिकेप्रमाणे चालत नाहीत, हे या दुर्घटनेने पुन्हा एकदा दाखवून दिले.

खिंड ओलांडल्यावर वाट एकदम खाली कोसळते. शियागोरूच्या मुक्कामापर्यंतचे उतरण गुडघ्यांची परीक्षा घेणारे असते, आणि दिवसाची चाल आठ-नऊ तासांची होते. अंतर मात्र नकाशावर मोजले तर फारच थोडे भरते. मागे वळून पाहिले तर कुलूचे ढग खिंडीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थबकलेले, क्वचित त्यांची एखादी बट खाली लोंबून विरून जाताना दिसते. अलीकडे कोरडे ऊन असते. तरीही पर्जन्यछायेवर विसंबून निर्धास्त होणे बरे नव्हे. मोसमी पाऊस परतीच्या वाटेवर असताना, अथवा तो यावयाच्या सुमारास, भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी वारे आणि दक्षिणेचे बाष्प यांची कधीकधी गाठ पडते. सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस लाहौल-स्पीतीत असेच अवेळी प्रचंड बर्फ पडले, रस्ते बंद झाले आणि अडकलेल्या शेकडो लोकांच्या सुटकेसाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे धाडावी लागली.

ओढ्यांचेही घड्याळ असते. हिमनदीचे पाणी उन्हाने वितळून खाली येण्यास काही तास लागतात. म्हणून सकाळी गुडघ्याएवढा असलेला प्रवाह सायंकाळी मांड्यांपर्यंत चढतो. शियागोरूचा बर्फाळ ओढा यासाठी पुष्कळ जण त्या दिवशी न ओलांडता मुक्कामानंतर दुसऱ्या सकाळी ओलांडतात.

या वाटेचे खरे जाणकार म्हणजे गद्दी मेंढपाळ. उन्हाळ्यात कळप घेऊन खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांत जाणे आणि थंडीपूर्वी परतणे हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा क्रम. त्यांच्या अंगात लोकरीचा घोळदार चोला असतो आणि कमरेला लोकरीच्या दोराचे अनेक वेढे. नुकते जन्मलेले कोकरू ते त्या चोल्यातच घालून नेतात. आपल्याकडचा धनगर पावसात घोंगडीची खोळ करून उभा राहतो, त्यामागेही तेच ज्ञान आहे. लोकर भिजली तरी ऊब पुष्कळशी राखते. सुती कापड भिजले की ऊब तर देत नाहीच, उलट अंगातली काढून घेते. कृत्रिम धाग्यांचे हलके कपडे आता सर्वत्र मिळतात. त्यांचेही काम शेवटी हेच आहे.

हवामानाचा अंदाज आता खिशातल्या यंत्रावर मिळतो, आणि तो पाहिल्यावाचून निघू नये हे खरेच. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानखात्याचे मुख्यालय काही काळ सिमल्याला होते. ते १९२८ मध्ये पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. उपग्रह आणि रडार यांच्या साहाय्याने हे खाते मोठ्या वादळाची पूर्वसूचना काही दिवस आधी देते. पण एखाद्या लहानशा दरीत दुपारी दोन वाजता गारा पडतील की तीन वाजता, हे दूरच्या अंदाजाच्या जाळ्यात सापडत नाही. तेथे अंदाजाने दिवस निवडावा आणि तास मात्र स्वतःच्या डोळ्यांनी निवडावा, अशी ही विभागणी आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला. नऊ किलोमीटरांचा हा मार्ग कुलूच्या बाजूने शिरून लाहौलमध्ये निघतो. मोटारीत बसलेल्या प्रवाशाला हिरव्या डोंगरातून उघड्या डोंगरात जाण्यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात. लाहौलच्या रहिवाशांचा हिवाळ्यातला एकांतवास त्यामुळे संपला, ही मोठीच सोय झाली. तरीही दरवर्षी शेकडो तरुण, त्यांत महाराष्ट्रातलेही पुष्कळ, पाठीवर बोजा घेऊन खिंडीच्या वाटेने जातात. त्यांच्यापैकी एखादी तुकडी कधी माथ्याच्या अर्ध्या तासाच्या अंतरावरून मागे वळते, भिजत मुक्कामावर येते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा निघते. अशा तुकडीचा तो दिवस वाया गेला असे कोणी म्हणू नये. पर्वताचे घड्याळ तिने नीट वाचले एवढाच त्याचा अर्थ. आणि खिंड आहे तेथेच आहे.